मराठी बायबल वाचताना या चुका टाळा

ओळ कळली नाही की खापर भाषांतरावर फुटतं. पुष्कळदा भाषांतर बरोबर असतं आणि तरीही अर्थ निसटतो.

पावसाचंच घ्या. 'पहिला पाऊस' वाचला की खान्देशातल्या माणसाला मृग आठवतो. बायबलच्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सरींनी जमीन मऊ झाली की नांगरणी-पेरणी, आणि मार्च-एप्रिलच्या शेवटच्या पावसावर दाणा भरतो. म्हणून योएल 2:23 (योएलच्या पुस्तकातला अध्याय 2, वचन 23) वाचताना कपाशी डोळ्यांपुढे आणू नका, रब्बीचा हंगाम आणा. मग 1 शमुवेल 12:17 उघडा. ऐन गव्हाच्या कापणीत शमुवेल संदेष्टा देवाकडे पाऊस मागतो, तो पडतो आणि लोक घाबरतात. आपल्याकडे गहू उभा असताना अवकाळी झोडपून जातो, त्यात नवल काय, असं वाटून वाचणारा पुढे सरकतो. तिकडे गहू मे-जूनच्या सुमारास निघतो आणि तेव्हा आभाळ कोरडं ठाक असतं. घाबरण्याचं कारण तिथे आहे. ऋतूचा उल्लेख आला की तिकडचा महिना पेन्सिलीने समासात लिहून ठेवा.

तासांचंही तसंच. मत्तय 20 मधला तिसरा तास सूर्योदयापासून मोजायचा, म्हणजे सकाळचे नऊ. अकरावा म्हणजे संध्याकाळचे पाच, मजुरांची सुट्टी व्हायला जेमतेम तास उरलेला.

पैशांचा हिशेब चांदीच्या आजच्या भावाने करू नका, रोजंदारीने करा. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तालांत म्हणजे 6,000 दिनार. रोज 300 रुपये धरला तर मत्तय 18 मधल्या चाकराने बुडवलेले 10,000 तालांत होतात 1,800 कोटी रुपये. आणि तो सोबत्याची मानगूट धरतो 100 दिनारांसाठी, म्हणजे 30,000 रुपयांसाठी! तळटीपेत नाण्याचं मूळ नाव असतं. ती वाचायचा कंटाळा फार महागात पडतो.

इंग्रजी प्रवचन ऐकून 'जेम्स'चं पत्र शोधणाऱ्यांनी अनुक्रमणिकेत 'याकोब' पाहावं. उत्पत्तीतला याकोब वेगळा. यहूदा नावाचेही बरेच जण आहेत, तेव्हा बापाचं किंवा गावाचं नाव पाहूनच माणूस ठरवा.

प्रेषितांची कृत्ये 8:37 काही आवृत्त्यांत कंसात किंवा तळटीपेत असतं. लगेच 'वचन काढून टाकलं' म्हणून ओरड नको. नव्या करारातल्या वचनांचे आकडे 1551 मध्ये पडले. पुढे अधिक जुनी हस्तलिखितं हाती आली, त्यांत ही ओळ नव्हती. आकडा मात्र तसाच राहिला.

अडलेल्या अध्यायासाठी दोन आवृत्त्या शेजारी ठेवा, एक शब्दाला धरून चालणारी, दुसरी सोपी. जिथे दोन्ही वेगळं बोलतात तिथे खूण करा आणि मागची-पुढची पाच-पाच वचनं वाचा. एकच आवृत्ती दहादा वाचून उपयोग होत नाही.

घरी अहिराणीत अर्थ सांगत असाल तर सांगून झाल्यावर मूळ मराठी ओळ पुन्हा मोठ्याने वाचा. नाहीतर तुमचं स्पष्टीकरणच वचन म्हणून पाठ होतं.