घरी बांधलेल्या विमानातले स्विच: या चुका टाळा

"स्विच १० अँपियरचा, लँडिंग लाइट ८ अँपियरचा, मग अडचण काय?" पुढे होणाऱ्या बहुतेक भानगडी याच हिशेबातून निघतात.

आधी आकड्याशेजारी काय छापलंय ते वाचा. '२५० व्होल्ट एसी' असेल, तर तो आकडा तुमच्या १२ किंवा २४ व्होल्ट डीसीसाठी धरू नका. ५० हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कॉन्टॅक्ट (स्विचच्या आतले एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे) उघडताना पडलेली ठिणगी लगेच विझते. डीसीत ती रेंगाळते आणि कॉन्टॅक्ट जाळते. कधीकधी ते चिकटूनच बसतात.

मग लोड, म्हणजे स्विचवर चालणारं उपकरण, कसला आहे ते बघा. फिलामेंटचा दिवा थंड असताना नेहमीच्या १० ते १५ पट प्रवाह खेचतो. म्हणूनच अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था एफएए हिच्या ४३.१३-१बी या पत्रकात १२ व्होल्टच्या दिव्यासाठी, लोडच्या प्रवाहाला गुणायचा गुणक ५ आहे, मोटर आणि कॉइलसाठी २. म्हणजे वरच्या दिव्याला ४० अँपियरचा स्विच! एवढं धूड पॅनेलवर कोण बसवणार? रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) घाला, नाहीतर सरळ एलईडी लावा. रिले किंवा कॉन्टॅक्टर (मोठा रिले) असेल तर कॉइलवर उलटा डायोड हवाच, नाहीतर बंद करताना उठणारा झटका स्विचच्या कॉन्टॅक्टवर येतो.

एवढं करूनही स्विच गरम होत असेल तर पॅनेलमागे हात घाला, मास्टर (मुख्य स्विच) बंद करून. स्वस्त टॉगल स्विचमध्ये टॅब (वायर जोडायची पट्टी) नुसता रिव्हेटने धरलेला असतो. तो बोटाने हलला, किंवा त्याच्याभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल, तर स्विच फेकून द्या. कनेक्टर दाबून घट्ट करणं ही निव्वळ मलमपट्टी. शंका वाटली तर लोड चालू ठेवून मल्टिमीटर स्विचच्या दोन टोकांवर लावा. १० अँपियरला अर्धा व्होल्ट दिसला, म्हणजे ५ वॅट उष्णता तिथेच साठतेय. चांगल्या जोडणीत हा आकडा मिलिव्होल्टमध्ये राहतो.

फ्यूज आहेच की, असं म्हणू नका. फ्यूज वायरीचं रक्षण करतो, आणि सैल जोडणीत प्रवाह वाढतच नाही, मग तो उडेल कशाला?

इंजिनाच्या स्पार्क प्लगना ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं गणित उलटं: कॉन्टॅक्ट जुळले की मॅग्नेटो बंद. पी-लीड, म्हणजे मॅग्नेटोपासून स्विचपर्यंतची वायर, तुटली तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. इंजिन आयडलवर असताना दोन्ही मॅग्नेटो क्षणभर बंद करून बघा. इंजिन मान टाकायला लागलं नाही, तर पी-लीड दुरुस्त होईपर्यंत प्रोपेलरला हात लावू नका.