आईच्या गोळ्यांच्या डब्यात व्हिटॅमिन वाढवायच्या आधी

माझी आई ७९ वर्षांची. शुगर जुनी आहे, बीपी आहे, थायरॉइड आहे, किडनी थोडी वीक, आणि हार्टचे ठोके अनियमित होतात म्हणून रक्त पातळ करायची गोळी पण चालू. आता अशा बाईला थकवा येणारच, पण घरी जो येतो तो एकच सांगतो, अहो काकू व्हिटॅमिन सुरू करा, त्याने काय नुकसान होतंय. इंदूरला दवा बाजारात जा, बाटल्यांना तोटा नाही, आणि व्हिटॅमिनला चिठ्ठी कोण मागतंय. पण नुकसान होतं, खरंच होतं, म्हणून आमच्या घरी आम्ही काय करतो ते नीट लिहितेय.

पहिलं काम म्हणजे घरातलं सगळं एका जागी काढायचं. आम्ही एका रविवारी पोहे झाल्यावर टेबल पुसून गोळ्यांचे सगळे पत्ते, बाटल्या, पुड्या मांडल्या. आईच्या उशीजवळचं, देवघराच्या खणातलं, फ्रिजच्या दारातलं, आयुर्वेदिक चूर्ण पण, कारण ते आई औषधात धरतच नाही. मग प्रत्येकाच्या मागची बारीक अक्षरं, ती मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचायची आणि वहीत उतरवायची. तेव्हा कळलं की व्हिटॅमिन डी चार ठिकाणी होतं! कॅल्शियमच्या गोळीत, पायांच्या मुंग्यांसाठी दिलेल्या कॅप्सूलमध्ये, मामेभावाने अमेरिकेहून आणलेल्या मल्टीव्हिटॅमिनमध्ये आणि शिवाय वेगळी पुडी. तीन डॉक्टर, प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच लिहिलं होतं, पण एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं.

आणि त्या पुडीचं मुद्दाम सांगते. ६०,००० युनिटची असते ती, आणि बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. दुकानातून आली तेव्हा पाकिटावर काहीच लिहिलेलं नव्हतं आणि मी पण त्या दिवशी घाईत होते. आईने रोज दुधात एक अशा चार दिवसांत चार घेतल्या. मी विचारलं तर म्हणे, अगं डॉक्टरांनीच दिलंय ना, रोज घेतलं तर लवकर ताकद येईल. मी घाबरूनच गेले. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डी आणि कॅल्शियम दोन्ही लगेच बंद करायला लावलं, रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारं) तपासलं, सुदैवाने ठीक निघालं. हेच महिनाभर चाललं असतं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, गोंधळल्यासारखं बोलणं, आणि किडनीवर ताण, आणि आपण म्हणत बसलो असतो की वय झालं आता. तेव्हापासून पुडीवर मार्करने वार लिहितो, "रविवार", मोठ्या अक्षरात, आणि बाकीच्या पुड्या माझ्या कपाटात.

दुसरं, आधी तपासणी मग गोळी. बी१२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, आणि आयर्न द्यायचं असेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला आयर्नचा साठा. बी१२ तर नक्की बघाच, कारण शुगरसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं, रोजच्या ॲसिडिटीच्या गोळीने पण होतं, आणि वर माणूस शाकाहारी, म्हणजे आमच्या आईचे तिन्ही योग जुळलेले. पायांच्या मुंग्या शुगरच्याच असं आम्ही धरून चाललो होतो, निम्मं कारण बी१२ निघालं. पण म्हणून नुसतं फॉलिक ॲसिड देत राहू नका, त्याने हिमोग्लोबिन सुधारल्यासारखं दिसतं आणि बी१२ कमी असेल तर नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. आणि बी६ जास्त डोसमध्ये फार दिवस घेतलं तर त्यानेच मुंग्या येतात, त्यामुळे नसांच्या दोन-दोन कॅप्सूल एकदम नकोत.

रक्त पातळ करायची गोळी असेल तर कुठली आहे ते नावासकट विचारा. वॉरफरिन किंवा एसिट्रोमसारखी असेल तर व्हिटॅमिन के त्याच्या उलट काम करतं, आणि मल्टीव्हिटॅमिनमध्ये बऱ्याचदा के असतं. नवीन बाटली सुरू केली किंवा अचानक बंद केली तरी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) हलतो, म्हणून डॉक्टरांना आधी सांगायचं. व्हिटॅमिन ई आणि फिश ऑइलचे मोठे डोस पण विचारल्याशिवाय नाही.

किडनी वीक असेल तर साधं मल्टीव्हिटॅमिन पण स्वतःच्या मनाने नको, व्हिटॅमिन ए शरीरात साचतं. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने ऑक्झलेट वाढतं, ज्याचे किडनीत खडे होतात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांमध्ये सोडियम असतं, बीपीवाल्यांनी तेही बघावं.

आता वेळा, कारण सगळ्यात जास्त गडबड इथे होते. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर, चहा अर्धा-पाऊण तासाने. कॅल्शियम आणि आयर्न त्यापासून चार तास लांब, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही आणि मग आपण म्हणतो डोस वाढवा. आईचं कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, आयर्न संध्याकाळी लिंबूपाण्याबरोबर, त्याच्या आगेमागे चहा नाही (यावर रोज भांडण होतं, तरी नाही). डीची पुडी रविवारी जेवताना, वरणभातावर तूप असतंच, त्याच्याबरोबर चांगली लागू पडते.

नवीन काही सुरू करायचं तर एका वेळी एकच, आणि दोन आठवडे वहीत लिहायचं, झोप, पोट, चक्कर, शुगर. दोन गोष्टी एकदम सुरू केल्या आणि उलटी झाली तर कशाने झाली ते कसं कळणार. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर रक्त द्यायच्या आधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

आयर्नने शौच काळपट होते, ते ठीक. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी झाली तर आयर्नचंच असेल म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आणि दर तीन महिन्यांनी ती वही आणि बाटल्यांची पिशवी घेऊनच जा, आणि डॉक्टरांना स्वतःहून विचारा, यातलं आता काय बंद करता येईल? मागच्या खेपेला आमच्या दोन गोळ्या कमी झाल्या, आईने लगेच वहीत स्वतःच्या हाताने काट मारली.