सुपारीचं औषध चिनी पद्धतीने कसं तयार करतात

चिनी वैद्यकात सुपारीला 'बिंगलांग' म्हणतात. तिथले वैद्य ती विड्यासारखी चघळायला देत नाहीत. ती भिजवतात, पातळ कातरतात, मोजून काढा करतात आणि काम झालं की बंद करतात. हुनान प्रांतात सुपारी चघळण्याची सवय आहे, पण ती सवयच. औषधाशी तिचा संबंध नाही.

चिनी हिशेबाने सुपारी तिखट-कडू आणि उष्ण, आणि तिचं काम जठर व मोठ्या आतड्यावर. कृमी मारणं, साचलेलं अन्न खाली सरकवणं, पोटातला वायू मोकळा करणं, अंगावरच्या सुजेचं पाणी उतरवणं आणि हिवताप रोखणं हे तिचे उपयोग. आयुर्वेदात मात्र पूग, म्हणजे सुपारी, शीत, रूक्ष आणि कषाय मानतात. वीर्यच, म्हणजे द्रव्याचा उष्ण-शीत स्वभावच, उलटं, त्यामुळे आयुर्वेद शिकलेल्यांनी चिनी ग्रंथ वाचताना आपले गुणधर्म त्यावर लावू नयेत. पूर्ण गोंधळ होतो.

सुपारी कोणती घ्यायची

कोल्हापूरच्या बाजारात कोकणातली आणि कर्नाटकातली, दोन्हीकडची सुपारी मिळते. औषधाला पिकलेल्या फळाचं बी लागतं. चीनमध्ये पिकलेली फळं आधी पाण्यात उकळतात, वाळवतात आणि मग सोलतात. आपल्याकडे पिकलेली सुपारी सालीसकट उन्हात वाळवून सोललेली पांढरी सुपारी त्याच्या सर्वांत जवळची. असोली, म्हणजे न सोललेली, मिळाली तर उकळण्यापासून सगळं आपल्या हातात राहतं. लाल चिकणी सुपारी चालत नाही, कारण ती कोवळी उतरवून उकडलेली असते. भाजकी, सुगंधी, तूप लावलेली तर नाहीच. पूजेची सुपारीही नको. ती बारीक, बरेचदा जुनी आणि किडकी असते. खाण्यासाठी म्हणून ती विकलीच जात नाही.

चांगली सुपारी दीड ते साडेतीन सेंटिमीटर उंच, हाताला जड लागते आणि बुडाशी मधोमध खळगा असतो. खात्री करायला अडकित्त्याने एक फोडून बघा. पांढऱ्या गरात तपकिरी रेषा बाहेरून आत शिरलेल्या, संगमरवरासारखी नक्षी दिसली पाहिजे. बियाचं तपकिरी आवरणच घड्या घालून आत गेलेलं असतं, त्याच्या त्या रेषा. गर काळपट असेल, मध्ये पोकळ असेल किंवा भुगा पडत असेल तर ती सुपारी बाजूला टाका.

भिजवणं: इथेच सगळं बिघडतं

चिनी कारागिरांचा नियम आहे: भिजवायचं कमी, मुरवायचं जास्त. सुपारीतलं मुख्य द्रव्य अ‍ॅरेकोलीन पाण्यात उतरतं. चार-पाच दिवस बादलीत बुडवून ठेवली तर ती मऊ होते खरी, पण औषध पाण्याबरोबर गटारात जातं. म्हणून पाणी वरच्या थरात शिरेल इतकंच भिजवा. मग उपसून ओल्या सुती फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळा आणि टोपलीत झाकून ठेवा. फडकं सुकलं की पाणी शिंपडा. दिवसातून दोनदा उघडून वास घ्या. आंबूस वास आला किंवा बोटाला बुळबुळीत लागलं तर लगेच धुऊन वाऱ्यावर टाका. कोल्हापूरच्या एप्रिल-मे महिन्यात हे एका रात्रीत होतं, म्हणून हे काम हिवाळ्यात काढलेलं बरं.

मुरली की नाही हे बघायला एक मधोमध कापा. मध्ये कोरडा, खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. तशीच कातरायला घेतली तर चकती न पडता तुकडे उडतात.

चकती १ ते २ मिलिमीटर जाडीची हवी. जिआंगशी प्रांतातल्या झांगशूच्या कारागिरांची ख्याती अशी की एका सुपारीच्या १०८ चकत्या पाडतात! आपल्याला तेवढ्या नकोत, पण जाडी सारखी हवी. अडकित्त्याने फोडी होतात, पातळ चकती नीट येत नाही. त्याला धारदार सुरी आणि लाकडी पाट लागतो. बियाच्या पेशींच्या भिंती फार टणक असतात. म्हणून जाड फोड कितीही उकळली तरी आतलं द्रव्य आतच राहतं.

चकत्या सावलीत वाळवायच्या, एका थरात. त्या कटकन मोडायला हव्यात, वाकायला नकोत.

भाजलेली चकती

अन्न साचून पोट फुगलेलं असेल तर चिनी वैद्य भाजलेली सुपारी, 'जिआओ बिंगलांग', वापरतात. चकत्या आधी जाडीप्रमाणे वेगळ्या करा. एकत्र टाकल्या तर जाड पिवळी होईपर्यंत पातळ जळून कोळसा होते. कढई मध्यम आचेवर तापवा, तेल-तूप काही नको, सतत हलवत राहा. करपट-पिवळा रंग आला की उतरवून लगेच ताटात पसरा, कारण कढईच्या उष्णतेने त्या पुढेही भाजत राहतात. भाजल्याने जोर उतरतो. चिनी औषधसंहितेत कच्च्या चकतीत अ‍ॅरेकोलीन किमान ०.२० टक्के हवं असतं, भाजलेलीत किमान ०.१० टक्के.

काढा आणि मात्रा

नेहमीची मात्रा दिवसाला ३ ते १० ग्रॅम, तीही बहुतेक इतर औषधांबरोबर. वू यूशिंग या चिनी वैद्यांनी १६४२ साली साथीच्या तापासाठी दिलेल्या पाठात, म्हणजे औषधाच्या कृतीत, सात द्रव्यं आहेत. त्यात सुपारी २ छ्येन (जुनं चिनी वजन), म्हणजे सात ग्रॅमच्या आसपास. 'एक सुपारी' असं माप धरू नका, वजनकाट्यावर तोला. चकत्या अर्धा तास पाण्यात ठेवून स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात मंद आचेवर वीस-तीस मिनिटं उकळतात. लोखंडी भांडं नको, सुपारीतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे काढा काळा पडतो.

पट्टकृमीसाठी (टेपवर्म) चिनी पाठात ३० ते ६० ग्रॅम लिहिलंय. आधी भोपळ्याच्या कच्च्या बियांची पूड, नंतर सुपारीचा काढा, मग रेचक. सुपारी कृमीचं डोकं आणि मान लुळी पाडते, भोपळ्याच्या बिया मधला आणि शेपटीकडचा भाग. काढा थंड करून देतात, त्याने उलटी कमी होते. शौचाला कोमट पाण्याच्या टबात बसवतात. गार लागून कृमी आखडला तर तुटतो, आणि डोकं आत राहिलं तर तो पुन्हा वाढतो.

ही पद्धत समजून घेण्यासाठी आहे, घरी करण्यासाठी अजिबात नाही. ६० ग्रॅममध्ये अ‍ॅरेकोलीन किमान १२० मिलिग्रॅम येतं. लाळ, घाम, पोटात मुरडा, मंद नाडी, दम लागणं अशी लक्षणं दिसली तर रुग्णाला थेट दवाखान्यात न्यायचं. तिथे त्यावर अ‍ॅट्रोपिन देतात. कृमी डुकराच्या मांसातला असेल तर त्याच्या अळ्या मेंदूत असण्याचा धोका वेगळाच. आज पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल आणि निक्लोसामाइड ही औषधं आहेत. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे तपासणी करून तेच घ्या.

गरोदर बाई, दमेकरी, मंद नाडीचे आणि हृदयविकाराचे रुग्ण, मानसिक आजाराची किंवा विस्मरणाची औषधं घेणारे यांना सुपारी नाहीच. जुलाब होणाऱ्या अशक्त माणसालाही चिनी वैद्य ती देत नाहीत. आणि विड्यातली, गुटख्यातली सुपारी औषध म्हणून खाणाऱ्यांनी हे नीट ऐकावं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला, तंबाखू नसली तरी, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. तोंड दोन बोटंही न उघडणं ही त्याआधीची पायरी.

साल फेकू नका. कोवळ्या फळाची उकळून वाळवलेली साल, 'दाफूपी', सूज आणि पोटफुगीसाठी ५ ते १० ग्रॅम वापरतात. ती बियापेक्षा सौम्य मानली जाते.

चकत्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणात ठेवा. जुलै-ऑगस्टच्या झडीत दर आठवड्याला बघा. चिनी संहितेत अफ्लाटॉक्सिन बी१ या बुरशीच्या विषाची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. एका चकतीवरही बुरशीचा ठिपका दिसला तर पुसून उन्हात घालू नका, सगळी बरणी टाकून द्या.