शोकांतिकेत विनोदी पात्र कसे योजावे

शोकांतिकेत विनोदी पात्र आणताना नवखा नाटककार बहुधा प्रेक्षकाला घटकाभर विसावा देण्याचाच विचार करतो. परंतु केवळ विसाव्यासाठी आणलेले पात्र तालमीत सहज गाळले जाते, कारण ते काढल्याने कथानकाचे काहीच अडत नाही. म्हणून लिहिण्यापूर्वीच एक कसोटी लावावी: नायकाचा घात ज्या गोष्टीने होणार आहे, त्याच गोष्टीतून या पात्राचा विनोद निघतो का?

या कसोटीला पुरेपूर उतरतो तो राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील तळीराम. १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच रंगभूमीवर आलेल्या या नाटकात वकिलीची सनद रद्द झाल्याने खचलेल्या नायकाला, सुधाकराला, दारूची वाट दाखवतो तो हाच. त्याच्या आर्यमदिरामंडळातील सभासद दारूच्या समर्थनार्थ शास्त्रार्थ केल्यासारखे युक्तिवाद करतात, प्रेक्षक त्या कोट्यांना मनमुराद हसतो, आणि तिकडे सुधाकराची पत्नी सिंधू हिचा संसार नेमक्या त्याच युक्तिवादांपायी धुळीला मिळत असतो. हसताहसता आपणही त्या मंडळाचे सभासद झालो होतो, हे प्रेक्षकाला उशिरा उमगते. (पुढे मद्यपी माणसालाच मराठीत ‘तळीराम’ म्हणू लागले, पात्राचे सामान्यनाम होणे ही नाटककाराला मिळालेली मोठीच पावती.)

दुसरा प्रश्न जागेचा. प्रेक्षकाला अनर्थ कळला आहे आणि रंगमंचावरील इतरांना तो अजून कळायचा आहे, ही फट विनोदी प्रवेशासाठी सर्वांत उत्तम. शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’मध्ये राजाचा खून होताच दारावर थापा पडू लागतात; झिंगलेला द्वारपाल आपण नरकाच्या दाराशी उभे आहोत अशी बतावणी करत दार उघडायला मुद्दाम वेळ लावतो. त्याच्या गमतीमुळे ताण ओसरत नाही, उलट लांबतो. शिवाय तेवढ्या वेळात मॅकबेथचे काम करणाऱ्या नटाला रक्ताळलेले हात धुऊन वेष बदलता येतो, ही सोय दिग्दर्शकाने हलकी मानू नये. मात्र असा प्रवेश आखूडच ठेवावा. टाळी मिळाली की नट पदरची वाक्ये घालू लागतो, आणि थापांची लय एकदा तुटली की ती पुन्हा जुळत नाही.

राहिली एक्झिट. ‘किंग लिअर’मधील विदूषक राजाला इतर कोणी बोलू धजणार नाही ते सुनावतो, आणि तिसऱ्या अंकानंतर कोणत्याही खुलाशाशिवाय नाहीसा होतो, त्यानंतर राजाच्या वेडाला टोकणारा तो आवाज उरत नाही. आपल्या नाटकातही अनर्थ पूर्णत्वाला जाण्यापूर्वी असे पात्र रंगमंचावरून काढून घ्यावे आणि त्याला निरोपाचे भाषण देण्याचा मोह आवरावा. त्याची उणीव पुढच्या अंकातील शांततेतून जाणवू द्यावी.