ब्लेड चॅसिसच्या मागे कुठला स्विच लावायचा? ऑर्डर द्यायच्या आधीची तयारी

ब्लेड चॅसिस (अनेक पातळ सर्व्हर, म्हणजे ब्लेड्स, एकाच पेटीत) घ्यायची ठरली की सगळ्यांचं लक्ष पुढच्या बाजूला, सीपीयू किती कोअरचा, रॅम किती, आणि मागच्या बेमध्ये (स्विच बसवायच्या खाच्यात) काय लागणार हे कोटेशनच्या शेवटच्या पानावर, तिथे विकणाऱ्याने स्वतःच्या मनाने स्विचची एक जोडी टाकलेली असते आणि आपण बरं म्हणून पुढे जातो. असं करू नका. ब्लेड चुकलं तर एक ब्लेड बदलता येतं, मागचं मॉड्यूल, म्हणजे बेमध्ये बसणारा तो स्विच, चुकलं तर सोळाच्या सोळा ब्लेड्सचं नेटवर्क एकदम हलवावं लागतं.

तर पहिलं काम, कॅटलॉग बंद ठेवून एक कोरा कागद घ्या आणि ब्लेडच्या प्रत्येक नेटवर्क पोर्टपासून रेघ ओढत मागच्या बेपर्यंत या. साध्या रॅक सर्व्हरमध्ये कुठली केबल कुठे हे आपल्या हातात असतं, चॅसिसमध्ये मात्र तो रस्ता मिडप्लेनमध्ये (ब्लेड्स आणि मागचे बे जोडणाऱ्या मधल्या बोर्डात) कायमचा ठरलेला असतो. एचपीच्या सी७०००मध्ये १६ हाफ-हाइट ब्लेड्स बसतात आणि मागे ८ इंटरकनेक्ट बे आहेत, त्यात ब्लेडवरचे ऑनबोर्ड (मूळचेच असलेले) पोर्ट १ आणि २ नंबरच्या बेकडे जातात, पहिल्या मेझानाइन स्लॉटमधलं (ब्लेडवर जादा बसवायचं) कार्ड ३ आणि ४ कडे, आणि दुसऱ्या मेझानाइनचे पोर्ट ५ ते ८ कडे. डेलच्या एम१०००ईमध्ये ६ बे, त्यांना ए१ ए२ बी१ बी२ सी१ सी२ अशी नावं, ए म्हणजे ऑनबोर्ड आणि बी, सी म्हणजे मेझानाइन. आता समजा तुम्ही बे ३ मध्ये छान महागडा स्विच लावला आणि ब्लेड्समध्ये पहिलं मेझानाइन कार्डच नाही, तर स्विचचे दिवे लागतील पण आतल्या बाजूला एकही पोर्ट वर येणार नाही. उलटंही होतं, कार्ड इथरनेटचं आणि त्या बेमध्ये फायबर चॅनलचं (स्टोरेज नेटवर्कचं) मॉड्यूल असेल तर चॅसिसचं मॅनेजमेंटच ती जोडी जुळत नाही म्हणून अडवतं. आणि फुल-हाइट ब्लेड असेल तर ते दोन स्लॉट व्यापतं, म्हणजे स्लॉट १ मधल्या फुल-हाइट ब्लेडचे पोर्ट स्विचवर १ आणि ९ अशा दोन ठिकाणी दिसू शकतात, कॉन्फिग लिहिणाऱ्याला हे आधी सांगितलं नाही तर तो ९ नंबर रिकामा समजून बंद करून टाकतो.

त्याच कागदावर प्रत्येक रेघेपुढे स्पीड लिहा, आणि तो कार्डचा, मिडप्लेनचा आणि मॉड्यूलचा असा तिन्हीचा बघा, कारण सगळ्यात कमी असेल तोच मिळणार. जुनी चॅसिस स्वस्तात मिळतेय म्हणून घेत असाल तर हे जास्तच बघा, एम१०००ईच्या पहिल्या मिडप्लेनवर फॅब्रिक ए, म्हणजे ए१ आणि ए२ कडचा रस्ता, १ गिगलाच अडकतो, तिथे १० गिग हवं असेल तर १.१ आवृत्तीचा मिडप्लेन लागतो. आवृत्ती चॅसिसच्या मॅनेजमेंट पेजवर दिसते, विकणाऱ्याकडून स्क्रीनशॉट मागवून घ्या, तोंडी भरोसा नको.

कागद झाला की मग पर्याय. ब्रँड कुठलाही असो, फिरून फिरून चारच जाती आहेत. एक पास-थ्रू, म्हणजे आत स्विच नाहीच, ब्लेडचा पोर्ट जसाच्या तसा बाहेर. दुसरा खराखुरा मॅनेज्ड स्विच, व्हीलॅन (एका स्विचवर वेगवेगळी नेटवर्क पाडणं), स्पॅनिंग ट्री (लूप टाळणारी पद्धत), सगळं आतच. तिसरा प्रकार एचपीचं व्हर्च्युअल कनेक्ट किंवा डेलचा आयओ अॅग्रिगेटर, आत स्विचच पण बाहेरच्या नेटवर्कला तो स्विचसारखा दिसत नाही. चौथा फॅब्रिक एक्स्टेंडर, जो स्वतः काहीच ठरवत नाही, सगळं वरच्या पॅरेंट स्विचकडे पाठवतो, सिस्कोच्या यूसीएस ५१०८ चॅसिसमध्ये हेच असतं आणि दुसऱ्यांच्या चॅसिससाठी नेक्सस बी२२.

पास-थ्रूला लोक उगाच हसतात. केबल खूप होतात हे खरं, १६ ब्लेड्स आणि दोन बाजू म्हणजे ३२ केबल, आणि वरच्या स्विचवर तेवढेच पोर्ट हवेत, ब्लेड घेऊन केबल कमी करायच्या होत्या तो हेतूच गेला. पण वर पोर्ट भरपूर रिकामे असतील, नेटवर्क टीमला मध्ये आणखी एक डबा सांभाळायचा नसेल आणि ब्लेड्स पाच-सहाच असतील तर माझ्या मते पास-थ्रूइतकं कमी डोकेदुखीचं काही नाही. फक्त तो कुठल्या स्पीडला चालतो ते आधी बघा, १० गिगचा पास-थ्रू असेल तर वरही १० गिगचेच पोर्ट लागतील, १ गिगच्या जुन्या स्विचमध्ये खुपसून चालेल असं गृहीत धरू नका.

मॅनेज्ड स्विचचा मोठा फायदा म्हणजे एकाच चॅसिसमधली दोन ब्लेड्स एकाच व्हीलॅनमध्ये असतील तर त्यांचं बोलणं आतल्या आत होतं, अपलिंकवर (वरच्या स्विचकडे जाणाऱ्या तारेवर) भार नाही, व्हर्च्युअल मशीन इकडून तिकडे हलवताना हे जाणवतं. पण यात एक मेख आहे जी फार कमी लोक लक्षात घेतात, हे तेव्हाच होतं जेव्हा दोन्ही ब्लेड्स त्या वेळी एकाच बाजूचा पोर्ट वापरत असतील. एकाचा चालू पोर्ट बे १ कडे आणि दुसऱ्याचा बे २ कडे असेल तर ट्रॅफिक वर जाऊन खाली येणार. सी७०००मध्ये शेजारशेजारच्या बेंना जोडणारी आतली क्रॉस-लिंक आहे, पण ती वापरता येईल की नाही हे त्या मॉड्यूलवर अवलंबून. म्हणून टीमिंग (ब्लेडचे दोन पोर्ट एकमेकांना पर्याय म्हणून बांधणं) ठरवताना जड ट्रॅफिकचे पोर्ट सगळ्या ब्लेड्सवर मुद्दाम एकाच बाजूला चालू ठेवायचे. एक्स्टेंडरमध्ये हा प्रश्नच नाही, शेजारच्या ब्लेडशी बोलायचं तरी पॅकेट पॅरेंटपर्यंत जाऊनच येणार, ते चालेल का याचा विचार करून ठेवा.

व्हर्च्युअल कनेक्टचं वेगळेपण दोन गोष्टींत. एक तर मॅक अॅड्रेस आणि डब्ल्यूडब्ल्यूएन (कार्डाची नेटवर्कवरची आणि स्टोरेजवरची ओळख) सर्व्हर प्रोफाइलमध्ये राहतात, ब्लेड मेलं तर नवीन घालायचं, प्रोफाइल तेच, वरच्या कोणालाही काही बदलायला सांगायचं नाही. दुसरं, फ्लेक्स-१० मॉड्यूल आणि तसंच कार्ड असेल तर १० गिगचा एक पोर्ट चार भागांत फोडता येतो आणि प्रत्येकाला १०० एमबीपीएसच्या टप्प्याने बँडविड्थ देता येते, म्हणजे मॅनेजमेंटला थोडी, व्हीएम ट्रॅफिकला जास्त वगैरे. साधं कार्ड असेल तर हे फोडणं विसरा. आणि ते स्पॅनिंग ट्रीमध्ये भाग घेत नाही, एकाच नेटवर्कच्या अपलिंक्स दोन वेगवेगळ्या स्विचला नेल्या आणि वरचे स्विच एमलॅग किंवा व्हीपीसीने (दोन स्विच एकच भासवायच्या पद्धतींनी) एक झालेले नसतील तर एक बाजू चालू आणि दुसरी नुसती उभी. मग पैसे दिलेल्या अर्ध्या अपलिंक झोपलेल्या बघून बॉस विचारतो हे काय, त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा.

डेलच्या अॅग्रिगेटरला स्टँडअलोन मोडमध्ये जवळजवळ काहीच कॉन्फिग लागत नाही, सगळ्या अपलिंक्सचा आपोआप एक एलएसीपी (अनेक तारा एकत्र बांधणारा प्रोटोकॉल) गट आणि सगळे व्हीलॅन सगळीकडे खुले. छान वाटतं, पण वरच्या बाजूला एलएसीपी लावलेलं नसेल तर तो गट वर येत नाही आणि गट वर आल्याशिवाय ब्लेडकडचे पोर्टही तो उठवत नाही, मग सर्व्हरवाला म्हणतो कार्ड खराब आहे. म्हणून एलएसीपी कुठे लागणार हेही त्या कागदावर लिहा.

आता खरा प्रश्न, जो तांत्रिक नाहीच. हे मॉड्यूल सांभाळणार कोण? चॅसिसमधला स्विच सर्व्हर टीमने घेतलेला, सर्व्हर टीमच्या रॅकमध्ये, आणि त्यावर व्हीलॅन घालायचा अधिकार नेटवर्क टीमचा, असं असलं की प्रत्येक बदलाला दोन तिकिटं. नेटवर्क टीम सांभाळणार असेल तर त्यांना ज्या कमांड येतात तसला स्विच घ्या किंवा एक्स्टेंडर, आणि सर्व्हर टीम सांभाळणार असेल तर व्हर्च्युअल कनेक्ट किंवा अॅग्रिगेटर. फीचरची तुलना करणारा तक्ता या प्रश्नानंतर उघडा, अर्धे रकाने तसेच बाद होतात.

अपलिंकचा हिशोब सोपा आहे. १६ ब्लेड्स, प्रत्येकी १० गिग, म्हणजे आतून १६०, वर ४ अपलिंक १० गिगच्या म्हणजे ४०, म्हणजे चारास एक. नेक्सस बी२२च्या एचपीवाल्या मॉडेलमध्ये आत १६ आणि वर ८, सगळे वापरले तर दोनास एक. यूसीएसच्या २१०४ मॉड्यूलला चारच अपलिंक, २२०८ला आठ. चारास एक वाईट का, तर नाही, बहुतेक ठिकाणी ब्लेड्स एकदम पूर्ण वेगाने ओरडत नाहीत. पण रात्री बॅकअप सगळ्यांचा एकाच वेळी चालू होत असेल तर तो आकडा धरा, दुपारचा ग्राफ बघून ठरवू नका. आणि हो, एक अपलिंक तुटली तर उरलेल्यांत भागेल का तेही.

या तयारीतली सर्वात महत्त्वाची गोष्ट आता येते. ब्लेडच्या कार्डाला फक्त मिडप्लेनमधली आतली लिंक दिसते. बाहेरची अपलिंक तुटली, वरचा स्विच बंद पडला, तरी आतली लिंक हिरवीच, ऑपरेटिंग सिस्टिमला वाटतं सगळं ठीक, टीमिंग काही हलत नाही आणि पॅकेट जाऊन त्या मॉड्यूलमध्ये मरतात. दोन मॉड्यूल, दोन कार्ड, दोन वीजपुरवठे घेऊन सुद्धा सर्व्हर बंद. यावर उपाय प्रत्येकाकडे आहे, नाव वेगळं, सिस्कोकडे लिंक स्टेट ट्रॅकिंग, डेलकडे अपलिंक फेल्युअर डिटेक्शन, व्हर्च्युअल कनेक्टमध्ये स्मार्ट लिंक, काम एकच की अपलिंक गेल्या की ब्लेडकडचे पोर्ट मुद्दाम पाडायचे म्हणजे टीमिंग दुसऱ्या बाजूला जाईल. पास-थ्रूला हे लागतच नाही, तिथे तुटलेली केबल म्हणजे तुटलेली लिंक. बाकी ठिकाणी हे चालू आहे की नाही ते स्वतः बघायचं, बऱ्याच मॅनेज्ड स्विचवर ते मुद्दाम लावावं लागतं.

दोन स्विच स्टॅक करायचे (जोडून एकच बनवायचे) का वेगळे ठेवायचे यावर लोक भांडतात. स्टॅक केलं की ब्लेडच्या दोन्ही पोर्टवर मिळून एलएसीपी लावता येतं आणि एकाच आयपीवर सगळं, पण डोकंही एकच झालं, फर्मवेअर अपग्रेडला बऱ्याचदा पूर्ण स्टॅक रिबूट होतो म्हणजे दोन्ही बाजू एकदम. मी वेगळेच ठेवायच्या बाजूचा. व्हीएमवेअरच्या नेहमीच्या पोर्ट आयडीवरच्या वाटपाला (प्रत्येक व्हीएमला एकेक पोर्ट नेमून देणाऱ्या) एलएसीपी लागतही नाही, दोन स्वतंत्र स्विचवर ते निवांत चालतं.

लूपबद्दल थोडक्यात. ब्लेडकडचे पोर्ट एज म्हणजे पोर्टफास्ट (लिंक येताच थेट चालू होणारे) करा. वरच्या स्विचवर बीपीडीयू गार्ड (पलीकडे स्विच दिसला की पोर्ट बंद करणारी सोय) लावलेला पोर्ट चॅसिसच्या मॅनेज्ड स्विचला देऊ नका, पहिल्याच मिनिटाला बंद पडेल, आणि व्हर्च्युअल कनेक्टला दिलेला पोर्ट मात्र उलट एजच हवा. सिस्कोचा वापरलेला स्विच असेल तर ट्रंक जोडायच्या आधी त्यातली जुनी व्हीलॅन फाइल पुसा आणि व्हीटीपी (व्हीलॅनची यादी एका स्विचवरून दुसऱ्यावर आपोआप पसरवणारा प्रोटोकॉल) ट्रान्सपरंट करा, डोमेन जुळलं आणि रिव्हिजन नंबर जास्त निघाला तर तुमच्या पूर्ण नेटवर्कचे व्हीलॅन त्याच्याकडे असतील तसे होतात. स्टोरेज याच तारांवरून नेणार असाल, म्हणजे एफसीओई (इथरनेटवरून फायबर चॅनल), तर कार्ड, मॉड्यूल आणि वरचा स्विच तिघांनाही ते यायला हवं, एकाला येऊन उपयोग नाही. आयस्कझीला (साध्या नेटवर्कवरून चालणाऱ्या स्टोरेजला) जंबो फ्रेम, म्हणजे मोठी पॅकेट, लावताय तर एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) ब्लेडपासून स्टोरेजपर्यंत प्रत्येक टप्प्यावर वाढवा.

मग किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी. ट्रान्सीव्हर (पोर्टमध्ये घालायचं, केबल जोडणारं छोटं मॉड्यूल) दोन्ही टोकांना चालणारा हवा, काही कंपन्यांचे स्विच दुसऱ्याचा मॉड्यूल घेत नाहीत, तांब्याची डॅक केबल घेत असाल तर लांबी मोजा, पाच-सात मीटरच्या पुढे फायबरच, ओएम३ फायबरवर १० गिग एसआर ट्रान्सीव्हरने ३०० मीटर जातं. प्रत्येक मॉड्यूलला मॅनेजमेंट आयपी, चॅसिसच्या कंट्रोलरला वेगळा, आणि त्या मॉड्यूलला चालणारी कन्सोल केबल हातात, ती नेहमीची असेलच असं नाही. फर्मवेअरच्या आवृत्त्या चॅसिस कंट्रोलर, मॉड्यूल आणि ब्लेडचं कार्ड अशा तिघांच्या एकमेकांशी जुळलेल्या हव्यात, कंपनीचा सुसंगततेचा तक्ता असतो तो डाउनलोड करून ठेवा. कॉन्फिगचा बॅकअप चॅसिसच्या बाहेर.

आणि लाइव्ह जायच्या आधी एक दुपार राखून ठेवा. एका टेस्ट ब्लेडवरून आणि एका टेस्ट ब्लेडकडे पिंग चालू ठेवून एकेक अपलिंक काढा, मग एका बाजूच्या सगळ्या काढा, मग मॉड्यूलच बाहेर ओढा. काढताना सगळेच बघतात, परत घालताना कोणी बघत नाही आणि खरी गंमत तिथे असते, मॉड्यूल बूट होताना ब्लेडकडची लिंक आधी हिरवी होऊ शकते आणि ट्रॅफिक पुढे न्यायला ते मागाहून तयार होतं, टीमिंग मात्र लिंक दिसली की लगेच परत उडी मारतं आणि पिंग जातो. तसं दिसलं तर फेलबॅक (मूळ बाजूला आपोआप परत जाणं) बंद करा किंवा त्याला उशीर द्या, आणि मग तीच टेस्ट दुसऱ्या बाजूच्या मॉड्यूलवरही करा.