घरच्या घरी बीफ नाचोज, शेवटच्या चिपपर्यंत कुरकुरीत

बीफ नाचोज, म्हणजे मक्याच्या कुरकुरीत चिप्सवर बीफचा खिमा आणि वितळलेले चीज, हा पदार्थ अर्ध्या तासात तयार होतो आणि बिघडतोही तितक्याच झटपट. बिघडण्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते, ते म्हणजे पाणी. खिम्याला सुटलेले पाणी, टोमॅटोचा रस, डब्यातल्या बीन्सभोवतीचा चिकट द्रव आणि चीजमधून सुटणारी चरबी हे सगळे मिळून खालच्या चिप्सचा लगदा करतात. मग वरचे चार चिप्स सगळे उचलतात आणि तळाचा थर ट्रेमध्येच राहतो. म्हणून पुढे जे काही सांगितले आहे, त्याचा मोठा भाग प्रत्येक जिन्नस चिप्सवर पडण्याआधी कोरडा कसा करावा याबद्दलच आहे.

मूळ पदार्थात ही अडचण नव्हतीच. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, टेक्सासमधील ईगल पास या गावासमोर, रिओ ग्रांदे नदीच्या मेक्सिकोकडील काठावर असलेल्या पिएद्रास नेग्रास येथे इग्नासिओ आनाया यांनी तळलेल्या टॉर्टियाचे (मक्याच्या पातळ मेक्सिकन पोळीचे) तुकडे, त्यांवर चीज आणि हालापेन्यो मिरचीचे काप एवढ्याच गोष्टींवर तो केला. इग्नासिओ नावाच्या माणसाला मेक्सिकोत लाडाने ‘नाचो’ म्हणतात (आपल्याकडे गोव्यात याच नावाचा इनास होतो), आणि तेच नाव पदार्थाला चिकटले. त्यात मांस नव्हते, सॉस नव्हता, ढीगही नव्हता. प्रत्येक तुकडा वेगळा सजवलेला असे. चीजचा पातळ सॉस चिप्सवर ओतण्याची पद्धत बरीच नंतरची असून १९७६ साली टेक्सासमधील आर्लिंग्टनच्या बेसबॉल मैदानावर ती सुरू झाली. बीफचा खिमा घालायचा असला तरी मांडणी आनायांचीच ठेवावी, असे माझे मत आहे.

चार जणांच्या, म्हणजे दोन मोठ्या आणि दोन लहान माणसांच्या, पोटभर जेवणासाठी साधारण ४५० ग्रॅम बीफचा खिमा, २५० ग्रॅम टॉर्टिया चिप्स, २२५ ग्रॅम चीज, एक मध्यम कांदा, लसणाच्या तीन पाकळ्या, एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, दीड वाटी शिजवलेला राजमा किंवा काळे बीन्स, तीन घट्ट टोमॅटो, एक पिकलेला अॅव्होकाडो, एक लिंबू, मूठभर कोथिंबीर आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या हालापेन्योच्या थोड्या चकत्या एवढे सामान पुरते.

खिमा घेताना चरबीचे प्रमाण पाहावे. अमेरिकेत ते पाकिटावरच छापलेले असते. ८५ टक्के मांस आणि १५ टक्के चरबी हे प्रमाण या पदार्थाला सर्वांत सोयीचे, कारण त्याहून कमी चरबीचा खिमा कोरडा आणि कणीदार लागतो, तर ८०-२० मधून काढून टाकावी लागणारी चरबी बरीच निघते. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे; म्हशीचे मांस त्या बंदीत येत नाही, त्यामुळे तिथे बीफ म्हणून विकला जाणारा खिमा बहुधा म्हशीचा असतो. तो कमी चरबीचा आणि चिवट असतो, आणि त्याला वेगळी वागणूक द्यावी लागते. ती पुढे येईलच. खाटकाकडून घेत असाल तर खिमा एकदाच यंत्रातून काढून जाडसर ठेवायला सांगावे.

आणि खिमा धुऊ नये. मांस घरी आणले की नळाखाली धरायचे ही आपली जुनी सवय आहे, पण धुतलेला खिमा स्पंजासारखा पाणी धरून बसतो आणि शिंतोड्यांबरोबर त्यातले जंतू ओट्यावर, भांड्यांवर पसरतात. जंतू मरतात ते उष्णतेने. गोठवलेला खिमा असेल तर तो आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण मऊ होऊ द्यावा आणि कढईत टाकण्यापूर्वी कागदी रुमालाने टिपून घ्यावा.

चिप्स साध्या, फक्त मीठ लावलेल्या घ्याव्यात. मसाला भुरभुरलेल्या पाकिटांमुळे खिम्याची चव झाकोळते. टॉर्टियासाठी मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, आणि चिप्सना येणारा तो विशिष्ट मातकट-गोडसर वास त्या चुन्याच्या प्रक्रियेचा असतो. शक्य तर जाड चिप्स निवडाव्यात, कारण पातळ चिप्स तोंडात छान विरघळतात पण खिम्याचे ओझे पेलत नाहीत. चीज मात्र घरी किसावे. किसून पाकिटात भरलेल्या चीजला तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेले असते आणि त्यामुळे ते सलग वितळत नाही. अर्धे चेडर चवीसाठी आणि अर्धे मॉंटेरे जॅक वितळण्यासाठी, ही जोडी उत्तम. ती न मिळाल्यास भारतात सहज मिळणारे प्रोसेस्ड चीज आणि मोझरेला निम्मे-निम्मे घ्यावे. प्रोसेस्ड चीजमधील क्षारांमुळे त्यातली चरबी वेगळी होत नाही, हा त्याचा इथे फायदाच आहे.

मसाल्याविषयी एक सावधगिरीची सूचना देणे भाग आहे. अमेरिकन पाककृतींमध्ये ‘चिली पावडर’ असे लिहिलेले असते, ते आपले लाल तिखट नव्हे. ती सौम्य मिरची, जिरे, ओरेगानो आणि लसूण यांची तयार मिश्रणपूड असते. ह्यूस्टनला आल्यावर पहिल्याच वर्षी मी एका पाकिटामागची कृती वाचून अर्धा किलो खिम्यात दोन मोठे चमचे चिली पावडर घातली, फक्त ती घरून आणलेल्या डब्यातली संकेश्वरी होती. मुलांनी त्या रात्री दहीभात खाल्ला. म्हणून मिश्रण घरीच करावे: दोन लहान चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, दीड लहान चमचा काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीची पूड, एक लहान चमचा सुका ओरेगानो, पाव चमचा मिरपूड आणि अर्धा लहान चमचा मीठ. चिप्स आणि चीज दोन्ही खारट असल्यामुळे याहून अधिक मीठ लागत नाही. गरम मसाला किंवा गोडा मसाला घालण्याचा मोह होईल. घातल्यास जे तयार होईल ते खिमापावासोबतच्या खिम्यासारखे लागेल, जे फारच छान असते, पण त्याला पाव हवा.

कामाची सुरुवात टोमॅटोपासून करावी, कारण त्यांना वेळ लागतो. बिया आणि मधला रसाळ गर काढून टाकून टोमॅटो बारीक चिरावेत, त्यांना पाव चमचा मीठ लावावे आणि चाळणीत घालून खाली वाडगा ठेवावा. पंधरा मिनिटांत वाडग्यात चांगला पाव वाटी रस जमतो, आणि एरवी तो सगळा चिप्सवर गेला असता हे पाहून चाळणीचे महत्त्व पटते. बीन्स डब्यातले असतील तर तेही धुऊन दुसऱ्या चाळणीत निथळत ठेवावेत. याच वेळी ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर तापायला लावावा.

आता खिमा. जाड बुडाची रुंद कढई किंवा लोखंडी तवा मोठ्या आचेवर चांगला तापवावा आणि तेल न घालता खिमा त्यात सपाट पसरावा. इथे हात आवरणे हेच कौशल्य आहे. तीन-चार मिनिटे तो अजिबात हलवू नये. आधी चुरचुर आवाज येतो, मग कडेने करडे पाणी सुटते आणि आवाज बदलून खदखद ऐकू येऊ लागते. या टप्प्यावर मांस भाजले जात नसते, नुसते उकडत असते, आणि घाईने ढवळणारे बहुतेक लोक इथेच फसतात. पाणी आटले की चुरचुर परत येते, या वेळी अधिक कोरडी आणि वरच्या पट्टीतली. तेव्हा उलथन्याने खालचा भाग खरवडून पाहावा. तो गडद तपकिरी दिसला तरच उलटावा आणि मग उलथन्याच्या कडेने गुठळ्या मोडाव्यात. कण साधारण वाटाण्याएवढे राहिले पाहिजेत, कारण फार बारीक खिमा चिपवरून घरंगळतो. गुलाबी रंग पूर्ण गेला पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आतले तापमान किमान ७१ अंश सेल्सिअस भरले पाहिजे, आणि मुलांसाठी करताना या बाबतीत तडजोड नको.

कढई तिरपी करून, चमचाभर चरबी राखून, बाकीची चमच्याने एखाद्या रिकाम्या डब्यात काढून घ्यावी. ती मोरीत ओतू नये. थंड झाली की नळीत मेणासारखी गोठते. खिमा कढईच्या एका बाजूला सारून राखलेल्या चरबीत बारीक चिरलेला कांदा चार मिनिटे परतावा, मग लसूण, मग टोमॅटो पेस्ट घालून ती विटकरी रंगाची होईपर्यंत परतावी आणि शेवटी मसाल्याची पूड घालावी. मसाला चरबीत अर्धा मिनिट उमलू देणे म्हणजे आपली फोडणीच आहे. तिचा वास सुटला की सगळे एकत्र करून आणखी दोन मिनिटे परतावे. तयार खिमा कढईत ओढला असता मागे ओलसर रेघ राहता कामा नये. म्हशीचा खिमा असल्यास सुरुवातीला दोन चमचे तेल घालावे, आणि भाजून मसाला घातल्यावर अर्धी वाटी गरम पाणी घालून, झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर शिजवावा. नंतर झाकण काढून ते पाणी पूर्ण आटवावे.

मोठ्या सपाट ट्रेमध्ये बेकिंगचा कागद घालून चिप्स एका थरात, कडा जेमतेम एकमेकींवर येतील अशा मांडाव्यात आणि आधी नुसत्याच चार मिनिटे ओव्हनमध्ये ठेवाव्यात. मुंबईच्या पावसाळ्यात तर ही पायरी टाळूच नये. पाकीट फोडल्यापासून त्यांनी ओढलेला दमटपणा यातच निघतो. बाहेर काढून त्यांवर निम्मे चीज भुरभुरावे, त्यावर खिमा आणि बीन्स, आणि वर उरलेले चीज. चीजचा पहिला थर वितळून चिपवर पडद्यासारखा बसतो आणि खिम्याची चरबी खाली उतरू देत नाही. ढीग करू नये. चिप्स मावत नसतील तर दुसरा ट्रे घ्यावा. ट्रेचा एक कोपरा मुलांसाठी मिरचीशिवाय ठेवावा आणि हालापेन्यो फक्त उरलेल्या भागावर लावावी, म्हणजे वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. पाच ते सात मिनिटांत चीज वितळून बुडबुडे येऊ लागतात. तपकिरी होण्याची वाट पाहू नये, कारण तोवर कडेच्या चिप्स कडू होतात.

थंड जिन्नस ट्रे बाहेर आल्यावरच घालावेत: निथळलेले टोमॅटो, लिंबू पिळून ठेचलेला अॅव्होकाडो, कोथिंबीर. आंबट क्रीमच्या जागी चक्का चमचाभर दुधाने सैल करून, चिमूटभर मीठ घालून वापरावा. दह्याचे पाणी आधीच निघून गेलेले असल्याने तो इथे साध्या दह्यापेक्षा सरस ठरतो. हे सगळे ट्रेभर पसरण्याऐवजी छोटे छोटे ठिपके द्यावेत किंवा बाजूला वाट्यांतून ठेवावे. ट्रे थेट टेबलावर लाकडी पाटावर ठेवून खावे, मात्र त्याची कड तापलेली असते हे मुलांना आधी सांगावे.

ओव्हन नसल्यास लोखंडी तव्यावर चिप्स आणि चीज मांडून, तव्याखाली दुसरा तवा ठेवून, मंद आचेवर झाकणाखाली चार-पाच मिनिटांत काम होते. झाकणाला आतून कापड बांधले तर वाफेचे थेंब खाली पडत नाहीत. एअर फ्रायरमधला पंखा चिप्स आणि चीज उडवतो, तेव्हा तिथे चीजच्या किसाऐवजी पातळ काप वापरावेत. मायक्रोवेव्ह टाळलेला बरा.

मांडलेले नाचोज उरवू नयेत, पण खिमा दुप्पट करून ठेवायला हरकत नाही. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला तर तो तीन-चार दिवस चांगला राहतो, आणि सपाट पिशवीत गोठवल्यास दोन-तीन महिने. पाकिटाच्या तळाशी राहिलेल्या मोडक्या चिप्स फेकू नयेत. मेक्सिकोत सकाळी त्या गरम साल्सामध्ये, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या सॉसमध्ये, दोन मिनिटे परतून, वर तळलेले अंडे घालून चिलाकिलेस म्हणून खातात, आणि तिथे चिप्स मऊ पडलेल्याच चांगल्या लागतात.