कृषी पर्यटन: पाहुण्यांची संख्या शेतालाच ठरवू द्या

कृषी पर्यटन सुरू करण्याचा विचार मनात आला की बहुतेकांचे लक्ष आधी खोल्या, रंगरंगोटी आणि जाहिरात यांकडे जाते. माझ्या मते सुरुवात वेगळ्या प्रश्नाने व्हायला हवी: शेतीच्या कामात खंड न पडता आणि शेजाऱ्यांना झळ न लागता हे शेत एका वेळी किती माणसे पेलू शकते? याचे उत्तर आकड्यात मिळेपर्यंत बांधकामाला हात लावू नये, कारण एकदा कर्ज काढून खोल्या उभ्या केल्या की त्या भरण्याची सक्ती होते आणि पाण्याचा, मजुरांचा, जनावरांचा विचार मागे पडतो.

इटलीने १९८५ साली कृषी पर्यटनासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००६ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पर्यटन शेतीशी जोडलेले असावे आणि शेती हेच मुख्य काम राहावे, हे तत्त्व दोन्ही कायद्यांत आहे. नव्या कायद्यात तर हे ठरवताना कामाला लागणाऱ्या वेळेकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले आहे. ही कसोटी कोणत्याही शेताला लावता येते. घरातील आणि कामावरील प्रत्येकाने शेतीला किती तास दिले व पाहुण्यांना किती, हे एका हंगामभर वहीत लिहावे. पाहुण्यांमुळे पेरणी किंवा काढणी लांबू लागल्याचे दिसले, तर आधी पाहुणे कमी करावेत.

शेताची क्षमता सर्वांत तुटपुंज्या साधनावरून ठरते आणि पुष्कळ ठिकाणी ते साधन म्हणजे पाणी. येथे वर्षाची सरासरी फसवी ठरते, म्हणून सर्वांत कोरड्या महिन्याचा हिशेब धरावा. समजा, त्या महिन्यात विहिरीतून दिवसाला ६,००० लिटर पाणी निर्धास्तपणे उपसता येते, पिकांना ४,००० लिटर लागते आणि घर व जनावरे मिळून ८०० लिटर वापरतात. उरले १,२०० लिटर. अंघोळ, स्वयंपाक, चादरी-टॉवेल धुणे हे सगळे धरून मुक्कामी पाहुण्यामागे १२० लिटर लागत असतील, तर १० जण राहू शकतात. पाचवा हिस्सा राखीव ठेवला तर ८. हा आकडा लहान वाटला, तर पाण्याचा वापर कमी करावा, किंवा मुक्कामाऐवजी दिवसभराच्या भेटी ठेवाव्यात. विहीर आणखी खोल करणे हा उपाय समजू नये, कारण खालचे पाणी शेजाऱ्यांच्या विहिरींनाही पुरायचे असते.

सांडपाण्याची सोयही याच आकड्यावर बेतावी. शौचालयाची टाकी सगळ्या खोल्या भरलेल्या असतानाच्या वापरासाठी पुरेशी हवी, आणि तिच्यात तीव्र जंतुनाशके वारंवार जाऊ देऊ नयेत. मैला कुजवणारे जिवाणू त्यामुळे मरतात. ओल्या जमिनीवर माणसांचा आणि वाहनांचा वावर झाला की माती दबते व पाणी मुरेनासे होते, म्हणून पायवाटा आधीच आखाव्यात आणि पावसानंतर शेतातील फेरी बंद ठेवण्याची मुभा स्वतःकडे ठेवावी.

जनावरांच्या बाबतीत मात्र जराही ढिलाई परवडत नाही. २००९ साली इंग्लंडमधील एका भेट-शेतावर, म्हणजे लोकांना जनावरे पाहायला व हाताळायला देणाऱ्या शेतावर, ई. कोलाय ओ१५७ या शेणातून हातावाटे पोटात जाणाऱ्या जिवाणूची ९३ जणांना लागण झाली आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते. हा जिवाणू अंगात असलेले जनावर दिसायला पूर्ण निरोगी असते, त्यामुळे नजरेवर भरवसा ठेवता येत नाही. गोठ्यातून बाहेर पडण्याच्या वाटेवरच, खाण्याच्या जागेच्या अलीकडे, वाहते पाणी आणि साबण ठेवावा. नळांपैकी काही मुलांच्या उंचीचे असावेत आणि तेथे एक माणूस उभा असावा. हाताला चोळायचे जेल साबण-पाण्याची जागा घेऊ शकत नाही, कारण शेणामातीने माखलेल्या हातांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. उलट बाजूने पाहुण्यांच्या बुटांवरून दुसऱ्या शेतावरचे रोगही आपल्याकडे येतात. जंतुनाशकात बूट बुडवण्यापूर्वी चिखल ब्रशने घासून काढावा, नाहीतर त्या द्रावणाचा उपयोग होत नाही. गर्भवती स्त्रियांना व्यायणाऱ्या मेंढ्या-शेळ्यांपासून दूर ठेवावे. जनावरांना लोकांपासून बाजूला होण्यासाठी आडोसा आणि विश्रांतीचे ठरलेले तास द्यावेत.

फवारणी केलेल्या शेतात पुन्हा कधी जावे आणि पीक कधी तोडावे, याच्या मुदती औषधाच्या लेबलवरील सूचनांप्रमाणे पाळाव्यात. त्या तारखा शेतमालकाच्या डोक्यात न राहता बांधावरच्या फलकावर असाव्यात.

पर्यटनाचा भार घरात कोण उचलते, हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. पाहुण्यांचे स्वयंपाकपाणी, अंथरुणे, झाडलोट हे काम बहुधा घरातील स्त्रियांवर येते आणि हिशेबात मात्र ते दिसत नाही. या कामाचा मोबदला ठरवावा, तो त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा करावा आणि आठवड्यातला किमान एक दिवस पाहुण्यांविना ठेवावा. मजुरांना पर्यटनाचे जादा काम सांगितले तर त्याची मजुरीही वेगळी द्यावी. त्यांचे किंवा त्यांच्या मुलांचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये, हे पाहुण्यांना आल्याआल्या स्पष्ट सांगावे.

शेजाऱ्यांशी बोलणे परवानग्यांच्या आधी व्हावे. गाड्या कोठे उभ्या राहतील, आवाज किती वाजता बंद होईल, कोणाच्या बांधावरून जाण्यास मनाई आहे, हे त्यांच्यासमोर ठरवावे आणि तक्रार कोणाकडे करायची तेही सांगावे. जे आपल्या शेतात पिकत नाही ते शक्यतो त्यांच्याकडूनच घ्यावे. जाहिरातीबद्दल एवढेच सांगेन की जे खरोखर चालते तेच दाखवावे. सेंद्रिय शेती करत नसल्यास तो शब्द फलकावर नको.

दर महिन्याला पाण्याच्या मीटरची नोंद, न कुजणाऱ्या कचऱ्याचे वजन, शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि कामाचे तास एकत्र पाहावेत. या नोंदींवरून काय करायचे ते आधीच ठरलेले असावे: विहिरीच्या आतल्या भिंतीवर रंगाने खूण करावी, पाणी तिच्याखाली गेले की नवे आरक्षण थांबवावे, आणि अशा वेळी आगाऊ घेतलेले पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे आरक्षणाच्या अटींमध्ये पहिल्याच दिवसापासून लिहून ठेवावे.